कांजिण्या आणि नागीण : एकाच विषाणूची दोन रूपे

कांजिण्या हा बालपणी एकदा होऊन कायमचा जाणारा रोग आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. रोग जातो, विषाणू मात्र शरीरातच राहतो.

हा विषाणू रोग्याच्या श्वासावाटे व फोडांतील द्रवावाटे पसरतो. संसर्गानंतर १० ते २१ दिवसांनी ताप व पुरळ दिसू लागते. पुरळ प्रथम छातीपाठीवर व चेहऱ्यावर उठते आणि लाल ठिपके, पाणीदार फोड व खपल्या एकाच वेळी आढळतात. देवीच्या रोगात एका भागावरील सर्व फोड एकाच अवस्थेत असत. हे दोन रोग भिन्न आहेत, हे विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये दाखवून दिले.

कांजिण्यांचे नागिणीशी असलेले नाते उमगण्यास याहून अधिक काळ लागला. ज्या घरी प्रौढास नागीण झाली, तेथील मुलांना पुढे कांजिण्या आल्याचे बुडापेस्ट येथील बोकाय यांनी १८९२ मध्ये पाहिले. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांतील फोडांमधून विषाणू घेऊन ते पेशीसंवर्धनात वाढविले. ते एकच ठरले.

कांजिण्या बऱ्या होत असता हा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या व मस्तकातील संवेदक मज्जातंतूंच्या गुच्छिकांत आश्रय घेतो व तेथे अनेक दशके सुप्त राहतो. वार्धक्याने वा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो जागा होऊन त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेकडे परततो. अशा तंतूचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूस असल्यामुळे फोडांचा पट्टा सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. नागिणीचे तोंड व शेपूट जुळल्यास रोगी दगावतो, या आपल्याकडील भीतीस शास्त्रीय आधार नाही.

खरा धोका निराळाच आहे. मंत्र वा लेप यांच्या भरवशावर मोलाचे दिवस निघून जातात. विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. कपाळावर वा डोळ्याजवळ नागीण उठल्यास दृष्टीस अपाय होऊ शकतो. अशा वेळी विलंब करू नये. तसेच, नागिणीच्या रोग्यापासून दुसऱ्यास नागीण होत नसली, तरी ज्यास कांजिण्या झालेल्या नाहीत त्यास त्या होऊ शकतात. यास्तव खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवणे व अशा गर्भवतींपासून आणि नवजात अर्भकांपासून दूर राहणे अगत्याचे आहे.

जपानमधील मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये विषाणूस दुर्बल करून कांजिण्यांची लस सिद्ध केली. पुढे प्रौढांसाठी नागिणीवरील निराळी लसही उपलब्ध झाली. बालपणीचा आजार व वार्धक्यातील वेदना यांचे मूळ एकच आहे, हे ध्यानी आल्यावाचून या दोन्ही लसींचे मोल पुरते कळणार नाही.