रात्री खेकड्यांना जाताय?
पहिला दमदार पाऊस झाला की कोकणात बॅटऱ्या घेऊन मंडळी व्हाळाकडे निघतात. मला या रात्री फार आवडतात, म्हणूनच हे कळकळीने लिहितोय.

आपल्याकडे उघडीप असली तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. निवळ पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की हातातला खेकडा सोडा आणि काठ चढा. पिशवी आणायला परत उतरू नका.

बिळात हात घालू नका. आत खेकडाच असेल असं नाही! मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. 108 ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा.

गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू तिथून शिरतात. पुढे ताप आलाच तर डॉक्टरांना व्हाळात उतरल्याचं आवर्जून सांगा.

एकट्याने जाऊ नका. आणि पोटाखाली पिल्लं घेतलेली मादी दिसली तर तिला तिथेच सोडा.