अकरावीचं फिजिक्स: आधी काय, नंतर काय?

पुढे फिजिक्समध्ये संशोधन करायचंय, असं म्हणणाऱ्या अकरावीच्या मुलांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "आत्तापासून क्वांटम वाचू का?" वाचा की, कोण नाही म्हणतंय! पण आधी बोर्डाची फिजिक्स आणि गणिताची पुस्तकं शेजारी ठेवून अनुक्रमणिका बघा. फिजिक्समध्ये दुसऱ्याच प्रकरणात कॅल्क्युलसची तोंडओळख होते आणि तिसऱ्यात, गतीच्या धड्यात, ते वापरायलाही लागतं. गणितात मात्र लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन ही भाग २ मधली शेवटची प्रकरणं. बारावीत ऑसिलेशन्सचंही तसंच. मग सूत्रं पाठ करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून दहावीच्या सुट्टीत डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा चढ आणि इंटिग्रल म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, एवढं हाताने गणितं सोडवून पक्कं करा. (बायोलॉजीसाठी गणित सोडू नका. दोन्ही ठेवता येतात.)

दुसरी गोष्ट प्रॅक्टिकलची. माझ्या जर्नलमध्ये पेंड्युलमवरून काढलेला 'जी' बरोब्बर ९.८ होता, कारण तो सीनियरच्या जर्नलमधून उतरवला होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइडनी माझा आलेख बघून "एरर बार कुठायत?" विचारलं, तेव्हा ती उधारी फेडावी लागली.

हा प्रयोग घरी करा. एक मीटर लांबीच्या लंबकाचं एक दोलन साधारण २ सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के चूक. पण २० दोलनं एकदम मोजली, तर ४० सेकंदांत तेच ०.२ सेकंद, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे 'जी'मधली चूक दुप्पट होते: आधी २० टक्के, आता १. लांबीत एक मिलिमीटर चुकलात तर फरक फक्त ०.१ टक्का. मग जास्त कष्ट कुठे घ्यायचे, हे तुम्हीच ठरवा. संशोधनातला कितीतरी वेळ याच हिशेबात जातो!

दोऱ्याला कुलूप बांधलंत आणि उत्तर ९.६ आलं, तर ९.६ च लिहा, पुढे ± ०.१ लावून. मग टेप परत काढा. बहुतेक लांबी कुलपाच्या कडीपर्यंतच मोजली असेल, मध्यापर्यंत नाही.