अडीचशे वॉटची किंमत

अमेरिकेतल्या अनेक छोट्या एएम केंद्रांना सूर्यास्तानंतर प्रक्षेपण बंद करावं लागतं, निदान नाममात्र शक्तीवर तरी आणावं लागतं. एएम म्हणजे आपली मीडियम वेव्ह. दिवसा तिच्या लहरी जमिनीलगत जातात. रात्री त्या आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात आणि तिथल्या केंद्रात लुडबुड करतात. परिणामी शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या फुटबॉलचा सामना रंगात येतो, तेव्हाच गावचं केंद्र गप्प होतं.

यावर २००९मध्ये तिथल्या दळणवळण आयोगानं तोडगा काढला : एएमचा कार्यक्रम एफएम ट्रान्सलेटरवरून ऐकवायचा. ट्रान्सलेटर म्हणजे फार तर २५० वॉटचा प्रक्षेपक. १९७०मध्ये तो आला डोंगराआडच्या वस्त्यांना एफएम मिळावं म्हणून. दिवसापुरतं केंद्र आता त्यावरून रात्रीही बोलू शकतं. अट एकच : आदल्या २४ तासांत मूळ एएम चालू असायला हवं. २०१६मध्ये तर २५० मैलांपर्यंतचा ट्रान्सलेटर विकत घेऊन आपल्या गावी आणायची मुभा एएम मालकांना मिळाली.

खर्चात दोघांची बरोबरीच नाही. १,००० किलोहर्ट्‌झच्या केंद्राला पाव तरंगलांबीचा, म्हणजे ७५ मीटरचा मनोरा लागतो. त्याच्या बुडाशी चहूकडे तेवढ्याच लांबीच्या तांब्याच्या १२० तारा पुरायच्या, हा रूढ प्रघात. म्हणजे नऊ किलोमीटर तांबं, वर एकरांनी जमीन आणि चोरांची धास्ती. ट्रान्सलेटरचा अँटेना दुसऱ्याच्या मनोऱ्यावर भाड्यानं टांगला की झालं. वॉशिंग्टनलगतच्या बेथेस्डा इथले डब्ल्यूएमएएलचे मनोरे २०२०मध्ये पाडले गेले, ते ७५ एकरांवर घरं बांधायची म्हणून. केंद्रापेक्षा त्याखालची जमीन महाग झाली होती.

मग ट्रान्सलेटरच मोलाचा? श्रोता तिथे असतो, जाहिरातदारही. पण कायद्यानं ही दुय्यम सेवा आहे. पूर्ण परवान्याच्या केंद्राला व्यत्यय आला, तर माघार ट्रान्सलेटरनंच घ्यायची. २०१७-१८मध्ये एएमसाठी दिलेले नवे ट्रान्सलेटर तर मूळ केंद्राशी कायमचे जखडलेले. वेगळे विकता येत नाहीत. शिवाय दोघांचा पल्ला निराळा. राष्ट्रीय आणीबाणीत सरकारी इशारा सर्वप्रथम ज्या ७७ केंद्रांकडे जातो, त्यांत ताकदवान एएम केंद्रांचाच भरणा आहे. देशाची ९० टक्क्यांहून जास्त लोकसंख्या त्यांच्या टप्प्यात येते. २५० वॉटच्या एफएमला एवढं क्षेत्र झेपणारं नाही.

थोडक्यात, मालकाचं उत्पन्न ट्रान्सलेटर मिळवून देतो आणि त्याचा हक्क एएममुळे टिकतो. म्हणून तोट्यातलं एएम बंद करून ट्रान्सलेटर तेवढा ठेवू द्या, ही काही मालकांची मागणी हिशेबाला धरून असली तरी घातक वाटते. गावाला एफएमवर गाणी आणि सामने मिळतील. पण पलीकडच्या शेतांवर, महामार्गांवर ऐकू येणारा आवाज जाईल, आणि तो पुन्हा उभा करायला लागणारी जमीन तोवर बिल्डरच्या ताब्यात गेलेली असेल.