औषधाच्या आधी विषाची परीक्षा

वसई : रात्री-अपरात्री मुलाला खोकल्याची ढास लागली, की विरार-नालासोपाऱ्यातील पालक नाक्यावरचे औषधाचे दुकान गाठतात. औषध लागू पडेल का, एवढाच प्रश्न तेव्हा मनात असतो. ते किती मात्रेपासून अपाय करू लागेल, हा प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी वर्षे आधी प्रयोगशाळेत विचारला गेलेला असतो. त्याचे उत्तर देणारे शास्त्र म्हणजे विषशास्त्र.

औषधनिर्मितीत या शास्त्राला मान मिळाला तो एका दुर्घटनेनंतर. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे गुणकारी औषध पातळ स्वरूपात आणण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. चव, वास आणि रूप तपासले गेले. विषारीपणा तपासण्याची सक्ती कायद्यात नव्हतीच. शंभरहून अधिक माणसे दगावली. औषध निर्दोष होते, द्रावक घातक होते. पुढच्याच वर्षी तेथे नव्या औषधाच्या सुरक्षिततेचा पुरावा विक्रीपूर्वी देणे बंधनकारक झाले. मुंबईकरांना हे रसायन अपरिचित नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून तेच रुग्णांच्या पोटात गेले आणि १४ जणांचा बळी गेला. न्या. लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली.

नव्या रेणूची परीक्षा जिवाणू व पेशींपासून सुरू होते. जनुकांत बिघाड होतो का, हे तेथे कळते. त्यानंतर उंदीर आणि कुत्र्यासारखा एखादा वेगळा प्राणी, अशा किमान दोन प्रजातींना काही आठवडे वा महिने औषध दिले जाते. हृदय, श्वसन, मज्जासंस्था पाहिली जाते. यकृत-मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. गर्भावरील परिणामांची कसून तपासणी अनिवार्य झाली ती थॅलिडोमाइडने १९५७ ते १९६१ या काळात हजारो अर्भकांना जन्मतः अपंग केल्यानंतर. परळ येथील आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत याच विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे.

या साऱ्यातून अपाय न करणारी सर्वाधिक मात्रा ठरते. समजा, उंदरात ती शरीराच्या दर किलो वजनामागे ६० मिलिग्रॅम आढळली. माणसासाठी तिला साधारण सहाने भागतात, म्हणजे १० मिलिग्रॅम. आणि पहिल्या स्वयंसेवकाला त्याच्याही दहाव्या हिश्श्याहून अधिक दिले जात नाही. कर्करोगाच्या औषधांना मात्र वेगळे मोजमाप लागते. तेथे थोडे विष पत्करावेच लागते.

तरीही हे गणित चुकू शकते. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना टोचण्यात आले. माकडांनी त्याच्या ५०० पट मात्रा सहज पचवली होती. सहाही तरुण काही तासांत अत्यवस्थ झाले, सुदैवाने वाचले. माणसाच्या प्रतिकारपेशी माकडाच्या पेशींसारख्या वागत नाहीत, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणूनच मानवी पेशींवरील चाचण्यांकडे आता कल आहे. भारतानेही २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून त्यांना वाट करून दिली.

अर्थात, नवे औषध कितीही पारखले तरी रोजच्या उत्पादनातील निष्काळजीपणाला विषशास्त्र आवर घालू शकत नाही. डायएथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्के आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात ते ४८.६ टक्के आढळले. अनेक बालकांना नागपूरला हलवण्यात आले, पण वीसहून अधिक मुले वाचली नाहीत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे त्यातील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. दुकानातून बाटली घेताना ही बारीक अक्षरे वाचता येतात.