पालीतला ताप आणि एका वर्षाचा परवाना

रत्नागिरीहून निघालेला कोल्हापूरचा रस्ता पालीला मुंबई-गोवा महामार्ग सोडून आंबा घाटाकडे वळतो. या पट्ट्यात लावणीच्या दिवसांत माणूस तापाने फणफणतो, तेव्हा तो साधा ताप असेल, डेंग्यू असेल किंवा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसही असेल. लेप्टोमध्ये योग्य अँटिबायोटिक वेळेत पडले तर माणूस सावरतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डेंग्यूत अंगदुखीवर टोचलेले डायक्लोफिनॅक रक्तस्राव वाढवू शकते. औषधाचे नाव पुस्तकात सापडते. हा ताप कोणता, हे ओळखणेच कठीण. आणि तो निर्णय पहिल्या डॉक्टरलाच घ्यावा लागतो, बहुतेक वेळा तपासणीचा अहवाल हातात नसताना.

हा पहिला डॉक्टर होमिओपॅथही असू शकतो. होमिओपॅथीच्या पदवीधरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केला की त्यांना अ‍ॅलोपॅथीची औषधे देता यावीत, यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदे दुरुस्त केले. इंडियन मेडिकल असोसिएशन न्यायालयात गेली. २०२५ मध्ये या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करण्याचे ठरले, तेव्हा वाद पुन्हा पेटला आणि १८ सप्टेंबरला डॉक्टरांनी संप केला. दोन्ही बाजू हक्काबद्दल बोलत राहिल्या: कोणाला कोणते औषध लिहिता येईल. मला यातला खरा प्रश्न वेगळा वाटतो. आपल्याला तपासणारा माणूस काय शिकला आहे, हे रुग्णाला माहीत असते का? मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. त्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली याला निष्काळजीपणा ठरवले, कारण जे शास्त्र आपण शिकलो नाही त्यात हात घालणे हाच दोष. मग प्रश्न उरतो तो इतकाच की एका वर्षाने ते शास्त्र येते का.

यावर नेहमीचे उत्तर असे की गावात दुसरे आहे कोण? हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सेवा बंधनकारक असली, तरी दंड भरून सुटण्याची सोय वर्षानुवर्षे होती आणि ती पुष्कळांनी वापरली. गावाकडे पाठ फिरवायची आणि तिथे बसणाऱ्याला भोंदू म्हणायचे, हे न्यायाचे नाही. पण छत्तीसगडचा अनुभव इथे मोलाचा आहे. त्या राज्याने २००१ मध्ये ग्रामीण आरोग्यासाठी तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या आजारांच्या बाबतीत हे पदवीधर एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. आयुष डॉक्टर, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा पद्धतींचे पदवीधर, मात्र मागे पडले. म्हणजे एमबीबीएसच हवा असे नाही, पण नेमके तेच काम शिकवलेले हवे. औषधशास्त्र शिकून औषध कळते; हजार तापकरी पाहिल्याशिवाय ताप कळत नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शोधला तो महाड भागात, खाटेशेजारी रात्री काढून. गावाला कमी शिकलेला डॉक्टर पुरतो, ही समजूतच इथे कोलमडते.

म्हणून मी सीसीएमपीच्या विरोधात नाही, त्याच्या सध्याच्या मोघम रूपाच्या विरोधात आहे. वर्षभराच्या अभ्यासाला जोडून ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष काम हवे, द्यायच्या औषधांची ठरलेली यादी हवी, आणि कोणत्या लक्षणावर रुग्ण लगेच पुढे पाठवायचा हे लेखी हवे. होमिओपॅथ म्हणतील, आम्हीही शरीरशास्त्र आणि विकृतिशास्त्र शिकलो आहोत. खरे आहे, आणि म्हणूनच त्यांना ही वाट मोकळी असावी. पण दाराबाहेरच्या पाटीवर पदवी स्पष्ट हवी आणि चिठ्ठीवर प्रत्येक इंजेक्शनचे नाव हवे, म्हणजे रात्री पालीहून रत्नागिरीला हलवलेल्या रुग्णाला आधी काय टोचले होते, हे तिथल्या डॉक्टरला नातेवाइकांकडून अंदाजाने काढावे लागणार नाही.