हवामानबदलाची चर्चा कोणत्या सभागृहात?

१५ जानेवारी २०२६ रोजी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांसाठी मतदान झाले. ठाण्यातील वर्तकनगरसारख्या वस्तीत मतदाराच्या मनात कोणते प्रश्न असतात, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास, पाणी, पोखरण रस्त्यावरील वाहतुकीची कोंडी आणि पावसाळ्यात तुंबणारे नाले, ही ती यादी होय. हवामानबदल या यादीत बसत नाही. तो परिषदांच्या वृत्तान्तात, मंत्र्यांच्या भाषणात आणि शालेय निबंधस्पर्धेत भेटतो. वास्तविक वरील यादीतील प्रत्येक प्रश्नाच्या पोटी हवामानबदलाचा प्रश्न दडलेला आहे. तरीही तो त्या नावाने राजकीय व्यासपीठावर क्वचितच येतो. असे का व्हावे, याचा विचार आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही.

वादाविना एकमत

अमेरिकेत हवामानबदल हा पक्षभेदाचा विषय आहे. एक अध्यक्ष २०१७ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा करतो, दुसरा २०२१ मध्ये देशाला करारात परत आणतो आणि २०२५ मध्ये पहिलाच अध्यक्ष पुन्हा सत्तेवर येऊन पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढतो. आपल्याकडे असा धरसोडीचा खेळ झालेला नाही. १९७२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि प्रदूषण यांचा संबंध जगापुढे मांडला. २००८ साली मनमोहन सिंग यांच्या सरकारने आठ मोहिमांचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०२१ साली ग्लासगो येथे नरेंद्र मोदी यांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट घोषित केले. सरकारे बदलली, परंतु भूमिकेचा गाभा फारसा बदलला नाही. ज्यांनी आधी आणि अधिक धूर ओकला, त्यांनी आधी आणि अधिक भार उचलावा, हा तो गाभा. ही भूमिका न्याय्य आहे, यात शंका नाही. अमेरिकेचे कार्बन डाय ऑक्साइडचे दरडोई वार्षिक उत्सर्जन चौदा टनांच्या आसपास आहे, तर भारताचे दोन टनांच्या आसपास.

परंतु या एकमताला एक दुसरी बाजू आहे. ज्या प्रश्नावर सर्वांचे एकमत असते, त्यावर कोणालाच जाब द्यावा लागत नाही. हवामानबदल नाकारणारा पक्ष आपल्याकडे नाही. म्हणून त्याविषयी आपण नेमके काय करणार, कोणाच्या खर्चाने करणार आणि कोणाच्या गैरसोयीने करणार, हे सांगणारा पक्षही शोधून सापडत नाही. एकमत हे चर्चेचे फलित असेल तर ते मोलाचे. पण ती चर्चा टाळण्याची सोय असेल, तर त्यापेक्षा उघड मतभेद बरे. मतभेदात निदान प्रश्न तरी जिवंत राहतो.

सरासरीच्या आड

दरडोई दोन टन ही सरासरी आहे, आणि सरासरी जितके दाखवते तितकेच झाकते. ज्या कुटुंबात प्रत्येक खोलीला वातानुकूलन यंत्र आहे आणि दाराशी दोन मोटारी आहेत, त्याचा धूर आणि पत्र्याच्या छपराखाली एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या कुटुंबाचा धूर हे दोन्ही त्या एका आकड्यात एकत्र मिसळतात. जागतिक परिषदेत भारत श्रीमंत राष्ट्रांकडे जो न्याय मागतो, तोच न्याय शहराच्या आत मागण्याची वेळ येते, तेव्हा मात्र चर्चा थांबते.

वर्तकनगरचेच उदाहरण घ्यावे. एका बाजूस येऊरचे डोंगर आणि उपवनचा तलाव, दुसऱ्या बाजूस वाढत जाणारे शहर. शेजारच्या रेमंड कारखान्याच्या विस्तीर्ण आवारात आता उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. म्हाडाच्या जुन्या इमारतींची जागाही टप्प्याटप्प्याने मनोरे घेत आहेत. गळक्या छताखाली आणि तोकड्या जागेत दोन पिढ्या काढलेल्या कारकुनाने वा शिक्षकाने मोठ्या घराची अपेक्षा धरली, तर त्यात वावगे काहीही नाही. त्याला झाडांचे माहात्म्य सांगून गप्प बसवणे हा शहाणपणा नव्हे, उद्धटपणा होय. प्रश्न पुनर्विकास व्हावा की न व्हावा हा नाही. तो कोणत्या हिशेबाने व्हावा हा आहे.

आजच्या हिशेबात चटईक्षेत्राला रकाना आहे, वाहनतळाला रकाना आहे, विक्रीच्या सदनिकांना तर आहेच. दुपारच्या सावलीला, रात्री घर थंड होण्यासाठी लागणाऱ्या मोकळ्या हवेला आणि पावसाचे पाणी मुरणाऱ्या उघड्या मातीला मात्र किंमत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात: व्यवहार दोघांचा, भुर्दंड तिसऱ्याला. वातानुकूलन यंत्र हा याचा रोजचा दाखला आहे. ते मालकाची खोली गार करते आणि आतली उष्णता बाहेर टाकते. बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीकडे, खाली उभ्या असलेल्या रिक्षावाल्याकडे आणि पहारेकऱ्याकडे. शिवाय त्याला लागणारी वीज महाराष्ट्रात आजही मुख्यत्वे कोळशापासून येते. ज्याला यंत्र परवडते त्याचा उन्हाळा सुसह्य होतो. ज्याला परवडत नाही त्याचा उन्हाळा अधिक कडक होतो. बाजाराला हे दिसत नाही, कारण बाजाराला केवळ देवघेव दिसते. जे बाजाराला दिसत नाही ते पाहणे, हे राजकारणाचे काम आहे.

खारघरनंतरचा वाद

राजकारण ते पाहते काय? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या जाहीर सोहळ्यात लाखो माणसे भर उन्हात तासन्‌तास बसली आणि त्यातील चौदा जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशीचे तापमान अडतीस अंशांच्या आसपास होते. विदर्भाच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग उरत नाही. पुढे काही दिवस जो वाद झाला, तो मुख्यतः दोष कोणाचा यावर झाला. सोहळा दुपारी का ठेवला, मंडप का नव्हता, गुन्हा कोणावर नोंदवावा, हे प्रश्न योग्यच होते. पण एप्रिलचे ऊन यापुढे असेच राहणार असेल, तर बांधकामावरील मजूर, भाजीवाली, वाहतूक पोलीस आणि दुपारच्या पाळीची शाळा यांनी काय करावे, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. चौदा मृत्यू ही बातमी झाली. उष्णता हे धोरण झाले नाही.

सभागृहाविना आराखडे

धोरण कोठे ठरावे? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने याचे उत्तर दिलेले आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोगे म्हणून नोंदलेले आहेत. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्यांची तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे. पण ज्या काळात हवामानबदलाचे शहरी आराखडे तयार झाले, नेमक्या त्याच काळात सभागृहे रिकामी होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, मुंबई आणि ठाणे महापालिकांची मार्च २०२२ मध्ये. आधी महामारी, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद, यांत निवडणुका लांबत गेल्या. ठाण्यात जवळजवळ चार वर्षे आणि कल्याण-डोंबिवलीत पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला.

मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला तो मार्च २०२२ मध्येच. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे देशाच्या उद्दिष्टापेक्षा वीस वर्षे आधीचे ध्येय त्यात आहे. ठाण्याचा उष्णता कृती आराखडा २०२४ साली आला. हे आराखडे तज्ज्ञांच्या मदतीने झाले, आणि ते होणे आवश्यकच होते. उणीव आहे ती निराळी. ज्या आराखड्यावर कोणी भांडले नाही, त्याची मालकीही कोणी घेत नाही. नाल्याकाठची जमीन मोकळी ठेवायची असे कागदावर लिहिणे सोपे असते. ती मोकळी ठेवताना ज्याचे बांधकाम अडते, ज्याची झोपडी उठते आणि ज्याचा वाहनतळ जातो, त्यांचे म्हणणे ऐकून निर्णय घेणे अवघड असते. हे अवघड काम अधिकाऱ्याच्या सहीने होत नाही. त्यासाठी लोकांना उत्तरदायी असलेले सभागृहच लागते.

ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचा प्रकल्प हे याचे बोलके उदाहरण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या, सुमारे बारा किलोमीटरच्या या मार्गाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. अंतर घटेल, इंधन वाचेल, धूर कमी होईल, असे समर्थक म्हणतात. रस्ता सुकर झाला की मोटारी वाढतात, आणि डोंगर व जंगल यांना पोहोचलेली इजा भरून निघत नाही, असे विरोधक म्हणतात. दोघेही पर्यावरणाचेच नाव घेतात. असा वाद घोषणांनी मिटत नाही. आकडे टेबलावर ठेवून, उलटतपासणी करूनच मिटू शकतो. ज्या शहराच्या पोटातून हा मार्ग निघणार, त्या शहराचे निर्वाचित सभागृह भूमिपूजनाच्या वेळी अस्तित्वातच नव्हते.

एका शहराने काय होणार?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ठाण्याने वा डोंबिवलीने कितीही काटकसर केली, तरी पृथ्वीचे तापमान कमी होणार नाही. मग महापालिकेने हा भार कशासाठी वाहावा? उत्सर्जनाच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे. धूर कमी करण्याचा लाभ साऱ्या जगाला मिळतो आणि खर्च करणाऱ्याच्या वाट्याला त्याचा कण येतो. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. परंतु बदललेल्या हवामानाला तोंड देण्याच्या तयारीला हा तर्क लागू होत नाही. साफ केलेल्या नाल्याचा लाभ त्या नाल्याकाठच्या माणसालाच मिळतो, राखलेल्या सावलीचा लाभ त्या रस्त्यावरून चालणाऱ्यालाच होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच वेळी उल्हास नदीने कल्याण परिसराची दैना केली. जुलै २०१९ मध्ये त्याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाऊस कोणाच्या धुरामुळे वाढला हा वाद जिनिव्हात चालू द्यावा. नदीचे पात्र कोणी अडवले, हा वाद कल्याणच्या सभागृहातच झाला पाहिजे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर असे की खर्च आजही होतोच आहे; फक्त तो महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो विजेच्या बिलात, दवाखान्याच्या पावतीत, बुडालेल्या रोजगारात आणि पुरात भिजलेल्या संसारात विखुरलेला असतो.

कायद्यातील विसरलेला दिवस

नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी महापालिकेच्या सभागृहापुढे ठेवावा, असे बंधन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. हा अहवाल पटलावर ठेवला, म्हणजे काम संपले असे मानण्याऐवजी त्यावर पूर्ण दिवस चर्चा झाली पाहिजे. मागील वर्षी किती झाडे तोडली, किती लावली आणि त्यांतील किती जगली? कोणत्या प्रभागात रात्रीही घरे तापलेली राहतात? पुनर्विकासाच्या परवानगीत मोकळ्या मातीचे प्रमाण काय? १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. असे वृक्ष प्रभागवार किती आहेत? या प्रश्नांची उत्तरे नगरसेवकाने मागावीत आणि मतदाराने नगरसेवकाला मागावीत.

मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्षी आणि विद्युतवाहिन्या यांच्यासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत पाहिला. न्यायालय हक्काला नाव देऊ शकते. पण त्या हक्कातून वर्तकनगरच्या रस्त्यावर सावली पडावी, हे न्यायालयाला करता येत नाही. ते अंदाजपत्रकातील तरतुदीने आणि प्रभाग समितीतील आग्रहानेच होते.

कापडी पिशवी वापरण्याचा आणि दिवे मालवण्याचा उपदेश नागरिकांनी भरपूर ऐकला आहे. उपदेश वाईट नाही. परंतु तो नागरिकाला केवळ ग्राहक समजतो. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हे मतदारही आहेत. अहवाल वाचण्याइतके शिक्षण आणि प्रश्न विचारण्याइतका अधिकार त्यांच्यापाशी आहे. दीर्घ काळानंतर ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला आपापली सभागृहे परत मिळाली आहेत. तेथे उन्हाविषयी आणि पाण्याविषयी भांडण झाले, कोणाची गैरसोय करायची यावर आवाज चढले, तर त्यात बिघडण्यासारखे काही नाही. चिंता करावी ती तेथे शांतता पसरली तर.