झाकण, जाळी आणि गायब वॉल

"झाकणाला हात लावायचा न्हाय!"

मेस्त्री शेडमधूनच ओरडतात आणि गाडीवाल्याचा पुढे गेलेला हात थांबतो. बॉनेट उघडं आहे. रेडिएटरच्या बाजूने वाफ निघते आहे, कुलंटच्या बाटलीतून गढूळ हिरवट पाणी उसळून खालच्या मातीवर सांडतं आहे आणि कुलंटचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास सगळ्या शेडभर झाला आहे. गाडीवाल्याच्या दुसऱ्या हातात थंड पाण्याची बाटली आहे. तीही मेस्त्री काढून घेतात आणि मागच्या सीटवरच्या आजींच्या हातात देतात. "हे तुम्ही प्या मावशी. इंजिनाला आत्ता न्हाय द्यायचं."

मे २०२४ मधला शनिवार, दुपारचे बारा वाजून गेलेले. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, पारगाव-खंडाळ्याजवळचं हे पत्र्याचं गॅरेज. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्याला तेव्हा इथून घाट चढावा लागायचा. साताऱ्याकडून येणाऱ्याला बोगदा होता. सुट्ट्या लागल्या की चढणीवरच्या गाड्यांची रांग खाली गावापर्यंत यायची. पहिला गिअर, अर्धा क्लच, चार फूट पुढे, ब्रेक, आणि एसी फुल्ल. ट्रकच्या मागे ट्रक. ही गाडी घाटाला लागण्याआधीच गरम झाली आहे. माझ्या गाडीचं चाक शेजारच्या पंक्चरवाल्याकडे होतं, ते केव्हाच बसवून झालं आहे. पण समोर जे चाललंय ते सोडून माझा पाय निघत नाही.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलची, छोटी. गाडीवाले चाळिशीतले, आईला आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन कराडला लग्नाला निघालेले. रांगेतल्या कुण्या ट्रकवाल्याने त्यांना आधीच सांगून टाकलं आहे, की हेडचं पॅकिंग गेलं. त्यामुळे चेहरा उतरलेला. पॅकिंग म्हणजे हेड गॅसकेट. ते गेलं तर इंजिनाचं हेड खोलायचं, वाकलं असेल तर लेथवर सपाट करून आणायचं. खर्च पंचवीस-तीस हजारांच्या घरात आणि गाडी चार दिवस उभी.

मेस्त्री मात्र पान्याला हात लावत नाहीत. स्टूल ओढून बसतात आणि विचारायला लागतात.

"कधी तापती? सुसाट असताना, का रांगेत?"

"रांगेतच. आणि चढाला. हायवेला तर काटा वरच येत नाही. निम्म्याच्याही खाली असतो."

"निम्म्याच्या खाली?" मेस्त्री भुवया उचलतात, पण पुढे जातात. "बाटलीत पाणी कमी होतं?"

"बाटली भरलेली दिसते हो. कधी कधी वरून वाहतेही."

"आन् रेडिएटरात?"

"ते कधी बघितलं नाही. बाटली भरलेली म्हटल्यावर…"

"याआधी कुणी काम केलंय?"

मार्चमध्ये शहरातल्या एका गॅरेजात केलं आहे. अशीच तापत होती. त्यांनी वॉल बदलला, कुलंट बदललं, आणि महिनाभर काही त्रास झाला नाही. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. गॅरेजात त्याला थर्मोस्टॅट म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

मग नुसतं थांबणं. पाऊण तास, तासभर. गाडीवाले घड्याळ बघतात, लग्नघरून फोन येतात. मेस्त्री दुसऱ्या एका टेम्पोचे ब्रेक करत राहतात. त्यांना गिऱ्हाईक लुबाडायचं असतं तर आत्ताच हेड खोलायला घेतलं असतं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं, की आतला दाब एकदम सुटतो आणि शंभराच्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर, हातावर येतं. थंड पाणी ओतलं तर तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, तडकतं; जो आजार नव्हता तो तिथे जन्माला येतो. हा तास फुकट जात नाही, एवढं मला बघताना पटत जातं.

आता वरच्या होज पाइपला हात लावता येतो आहे. मेस्त्री जाड फडकं टाकून झाकण आधी अर्धा आटा फिरवतात. फुस्स. थोडं थांबतात, मग पूर्ण काढतात. आत पाणीच दिसत नाही! बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. मेस्त्री लिटरच्या मापाने ओततात, तेव्हा सव्वा लिटर आत जातं.

"बाटलीवर जाऊ नका. पाणी भाईर फेकलं जातंय, पण परत आत येत न्हाय."

ते झाकण उलटं करून आम्हाला दाखवतात. खालचा रबर कडक झालेला, एका बाजूला चिरलेला. झाकणावर १.१ असा दाबाचा आकडा. मेस्त्रींकडे एक हातपंप आहे, वर गोल काट्याचा मीटर. झाकण त्यावर बसवून ते पंप मारतात. काटा चढतो, ०.४ वर जरा रेंगाळतो आणि घसरून शून्यावर येतो. पुन्हा मारतात, पुन्हा तेच.

"कुकरची रिंग गेल्यावानी," आजी गाडीतूनच म्हणतात.

"बरोब्बर मावशी! तेच हे."

आजी जे बोलल्या ते अगदी खरं शास्त्र आहे. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांना उकळतं, आणि उंचावर त्याच्याही आधी. हे झाकण नीट बसलं आणि दाब धरला, तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. निम्मं कुलंट असेल तर सव्वाशेच्या पुढे. झाकण ढिलं पडलं की हा सगळा राखीव पल्ला जातो. इंजिन नेहमीइतकंच तापतं, पण पाणी मात्र उकळायला लागतं. वाफ पाण्याला बाटलीत ढकलते, बाटली ओसंडते. गाडी थंड झाल्यावर झाकणातला दुसरा छोटा वॉल उघडून ते पाणी परत ओढून घ्यायला हवं, तोही अडकलेला. दर वेळी थोडं थोडं पाणी कमी होत गेलं आहे आणि बाटली सगळं ठीक असल्याचं सांगत राहिली आहे.

गाडीवाल्यांचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे झाकणच ना?"

"थांबा की जरा. एकट्या झाकणानं इतकी न्हाय तापत."

आता तोच पंप रेडिएटरच्या तोंडावर बसतो. १.१ पर्यंत दाब भरून मेस्त्री सोडून देतात आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवतात. चहा येतो, पिऊन होतो, काटा तसाच उभा आहे. कुठला पाइप गळत नाही, वॉटर पंपाखाली थेंब नाही, आतल्या हीटरला गळती नाही. ऑइलची कांडी काढून बोटावर पुसतात. काळं आहे, पण स्वच्छ. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ, चहासारखं दिसलं असतं. इथपर्यंत हेडचं पॅकिंग वाचलं आहे, पण मेस्त्री अजून तसं म्हणत नाहीत.

मग बॅटरी, म्हणजे टॉर्च. समोरून रेडिएटर बघितला तर दिसते ती एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर. रेडिएटर तिच्या मागे. दोन्हींमध्ये दोन बोटं मावतील एवढी फट. मेस्त्री बाजूने बॅटरीचा उजेड आत मारतात आणि मला हाक मारतात, "या, बघा."

फटीत गाळ आहे. धूळ, किडे, पिसासारखा भुसा, सगळं दाबून बसलेलं. गाडीवाले हिवाळाभर दर आठवड्याला गावी जातात. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे, पाचटाचा कोंडा खात गाडी गेलेली आहे. समोरची जाळी दोनदा धुतली गेली आहे, ती लखलखीत आहे. मागच्या जाळीपर्यंत कुणी गेलेलंच नाही. सुसाट जाताना वारा जोराने घुसतो म्हणून निभावतं. रांगेत पंख्यालाच हवा ओढायची असते, आणि त्याच्यापुढे ही भिंत. वर एसी चालू, म्हणजे पुढची जाळी आपली उष्णता मागच्या जाळीवर सोडते आहे.

पंखा सोडवून बाजूला काढतात. पाण्याची नळी, पण प्रेशर वॉशरची नाही. त्या जोराने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि उरलेली हवाही बंद होते. इंजिनाच्या बाजूने पुढे, जिकडून घाण आली तिकडे परत, असं शांतपणे धुणं चालतं. खाली काळ्या पाण्याचा ओघळ. मुलगी चप्पल काढून त्या ओघळातून उड्या मारते आहे आणि आजी तिला रागावत आहेत.

पंखा पुन्हा बसतो, पाणी भरतं, गाडी सुरू होते. झाकण उघडंच. मेस्त्री एक हात वरच्या होज पाइपवर ठेवून उभे राहतात. मिनिटभरही होत नाही आणि ते माझा हात धरून पाइपवर ठेवतात.

"काय लागतंय?"

कोमट आहे. आत्ता आत्ता थंड पाण्याने धुतलेला रेडिएटर, इंजिनाचा काटा अजून अगदी तळाशी, आणि पाइप कोमट.

"वॉल असता तर हे पाणी अजून इंजिनातच फिरलं असतं. ८०-८२ डिग्रीला वॉल उघडतो, तवर रेडिएटरला पाणी सोडत न्हाय. हितं पहिल्यापास्नं सोडतंय." इंजिन बंद करून, दोन बोल्ट काढून ते वॉलचं घर उघडतात. आत बोट फिरवतात. "घर मोकळंच हाय."

वॉल बदललेला नाही. काढून फेकला आहे. गाडीवाले बराच वेळ त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहतात. त्यांच्याकडे नव्या वॉलचं बिल आहे.

हायवेला काटा निम्म्याच्या खाली का राहायचा, ते आता कळतं. ज्याला ते बरं लक्षण समजत होते, तोच रोग होता. इंजिन धड तापतच नव्हतं. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो, म्हणून मायलेजही पडलं असणार. ("पडलंय," गाडीवाले हळूच म्हणतात.) काही इंजिनांत तर वॉल काढला की पाण्याचा एक वाटा रेडिएटरला बगल देऊन गरमच परत इंजिनात शिरतो, आणि चढावर उलट जास्त तापतं. गाडी तापते म्हणून वॉल काढणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार वाईट सवय आहे. गिऱ्हाइकाला न सांगता काढणं ही तर फसवणूक आहे.

नवा वॉल आणि नवं झाकण आणायला पोऱ्या मोटरसायकलवर जातो. येतो तेव्हा मेस्त्री वॉल लगेच बसवत नाहीत. चहावाल्याच्या शेगडीवर पातेलं चढतं, वॉल दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला जातो. पाण्याला बुडबुडे धरू लागतात तसा मधला पितळी दांडा हलतो आणि तबकडी उघडते. वर काढून धरल्यावर पुन्हा हळूहळू मिटते. मुलगी तीनदा हे करून बघते. नवा पार्टही अडकलेला निघू शकतो, हे मेस्त्रींचं म्हणणं.

शेवटची परीक्षा हेडची. रेडिएटरच्या तोंडाला मोठं नरसाळं लावून गाडी सुरू. हीटर फुल्ल, म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही सुटेल. पहिले काही बुडबुडे येतात. ती भरताना अडकलेली हवा. मेस्त्री ॲक्सिलरेटर वाढवतात. गॅसकेट फुटलं असेल तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. आम्ही सगळे नरसाळ्यात वाकून बघतो आहोत. बुडबुडे कमी होतात, तुरळक होतात, बंद होतात. वॉल उघडतो, पाणी एकदम खाली बसतं, मेस्त्री ओततात. काटा निम्म्यावर येऊन थांबतो. पंखा आपोआप सुरू होतो, मिनिटभराने बंद होतो. एसी लावून वीस मिनिटं उभ्या गाडीवर तोच खेळ. काटा हलत नाही.

"हेड चांगलं हाय," मेस्त्री आता म्हणतात, दुपारपासून पहिल्यांदा. "रस्त्यात लगेच थांबलात म्हणून. घाटात दोन वळणं वर गेला असता तर न्हाय सांगता आलं असतं."

झाकण, वॉल, कुलंट, धुणं आणि मजुरी मिळून बिल तीन हजारांच्या आत येतं. साडेचार वाजता गाडी रांगेत शिरते. अर्ध्या तासाने फोन येतो: घाट उतरलो, काटा निम्म्यावरच आहे.

तुमच्या गाडीचं असं काम कधी निघालं, तर मेस्त्रीकडून काढलेला जुना पार्ट हातात मागून घ्या आणि नवा बसवताना समोर उभे राहा. आणि घाटाला निघायच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीबरोबर रेडिएटरचं झाकणही उघडून आत बघा.